दाराआडचं लाटणं

गेल्या दिवाळीत माझ्या भावाने बाबांना संगणकावर जुने दिवाळी अंक उघडून दिले. बाबांचे स्वतःचे अंक आम्ही घर बदलताना रद्दीत घातले होते. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण रद्दीवाल्याचं नाव निघालं की गप्प होत. आता कुणी कुणी हौशी मंडळी आपल्या माळ्यावरचे गठ्ठे काढून, पानन् पान चित्रित करून सगळ्यांसाठी ठेवत आहेत. पिवळी पानं, वाचनालयाचे शिक्के, केसांच्या तेलाच्या जाहिराती, 'आवाज'च्या त्या खिडक्या, 1964 ते 1990 या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. सगळं फुकट आणि भरपूर. बाबा बसले, शेजारी मीही बसले. मी लहानपणी 'सकाळ' उघडायची तीच मुळी 'चिंटू'साठी, त्यामुळे व्यंगचित्रांचं वेड मलाही आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना 'या बायकांना विनोद कळत नाही' हे नेहमीचं वाक्य कुणी तोंडावर फेकायला नको.

तिसऱ्या-चौथ्या अंकानंतर मला एक चित्र पुन्हा पुन्हा भेटू लागलं. रात्र झालेली. नवरा चपला हातात घेऊन चोरपावलांनी घरात शिरतोय. दाराआड बायको, पदर खोचलेला, हातात लाटणं. ती धिप्पाड, तो काडीसारखा. खाली ओळ नसली तरी चालतं, कारण गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चित्रकार बदलत, अंक बदलत, लाटणं तेच. बाबा हसले. मीही हसले, सवयीनेच.

पुढच्या आठवड्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. मनगट प्लास्टरमध्ये. तिच्याबरोबर मी पोलीस चौकीत गेले. हवालदार माणूस म्हणून वाईट नव्हता, त्याने तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. मग नवऱ्याला बोलावून घेतलं आणि वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाला, "काय राव, वहिनींनी लाटणं नाही का काढलं?" चौकीतले सगळे हसले. नवरा हसला. आणि ती बाईही हसली, पदर तोंडाला लावून.

तिच्या मनगटावर बसलं होतं ते लाटणंच होतं. तिच्याच ओट्यावरचं, नवऱ्याने उचललेलं. हे ती मला रिक्षात बसल्यावर म्हणाली. चौकीत का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "ताई, तिथं ते सांगितलं असतं तर अजून हसले असते."

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. आमच्या केंद्रात पहिल्या भेटीचा कागद भरताना 'कशाने मारलं' असा एक रकाना असतो. त्यात मी पट्टा लिहिला आहे, चप्पल, कुकरचं झाकण, मोबाईलची वायर आणि लाटणं. स्वयंपाकघरातल्या वस्तू तिथे नेहमी येतात, कारण भांडण बहुधा जेवणावरून पेटतं आणि हाताला लागेल ते उचललं जातं. चित्रात मात्र हात उलटा दाखवला आहे. एकदा तो उलटा हात आपल्या डोक्यात बसला, की खरी बाई दारात येण्याआधी ते चित्र तिथे येऊन बसलेलं असतं, आणि तिला पहिल्यांदा त्याच्याशी झगडावं लागतं. मारणाऱ्या बायका नसतातच असं नाही. बायकोचा मार खाणारे दोन-तीन पुरुष माझ्याकडेही आले आहेत. त्यांनाही चौकीत हेच हसू भेटलं. कलम 498अ 1983 साली आलं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत 85 व्या कलमात गेलं. कागदावर क्रमांक बदलला, एवढंच.

हे लाटणं केवळ आपल्याकडचं नाही, हेही मला त्याच जुन्या पानांच्या नादात कळलं. अमेरिकेत जॉर्ज मॅकमॅनस या व्यंगचित्रकाराची 'ब्रिंगिंग अप फादर' ही चित्रमालिका 1913 साली सुरू झाली आणि थेट 2000 सालापर्यंत चालली. त्यातला जिग्ज हा विटा-गारा वाहणारा आयरिश मजूर. लॉटरी लागून तो श्रीमंत होतो. त्याची बायको मॅगी पूर्वी लोकांचे कपडे धुणारी. तिला आता उच्चभ्रू लोकांत मिसळायचं आहे आणि त्याला जुन्या मित्रांच्या खानावळीत पळायचं आहे. तो पळतो, ती लाटणं आणि बश्या फेकते. सत्त्याऐंशी वर्षं! धुणं धुऊन झिजलेल्या बाईला चार माणसांत मान हवासा वाटला तर त्यात एवढं हसण्यासारखं काय, असा प्रश्न त्या चित्रांत कुणाला पडलेला दिसत नाही.

त्याहून बोलका इंग्लंडचा अँडी कॅप. रेग स्माइथने तो 1957 साली 'डेली मिरर'साठी काढला. अँडी बेकार, दारुडा, डोळ्यांवर टोपी ओढलेला. बायको फ्लो घरोघरी साफसफाई करून संसार चालवते. तीही लाटणं घेऊन दारात उभी असतेच, पण सुरुवातीच्या वर्षांतल्या चित्रांत अँडी तिला सरळ मारतो, आणि तोही विनोदच असतो. ती चित्रं आज पाहवत नाहीत. पुढे मारणं थांबलं, आणि अलीकडच्या काळात तर दोघं लग्न-समुपदेशकाकडे जाताना दाखवले आहेत. माझ्या धंद्यातल्या बाईला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे विनोद बदलता येतो, आणि तो बदलल्याने व्यंगचित्राचं दुकान बंद पडत नाही.

आपल्याकडे तो बदलला का? जुनी पानं मोबाईलवर फिरतात तेव्हा खाली 'तेव्हाचा निखळ विनोद' असं लिहिलेलं असतं. निखळ कुणासाठी, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं भारतातल्या 45 टक्के बायकांनी आणि 44 टक्के पुरुषांनी मान्य केलं. हे आकडे व्यंगचित्रांमुळे झाले असं मी म्हणत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण ज्या घरांत हे उत्तर दिलं जातं त्याच घरांत ते चित्रही बघितलं जातं.

म्हणून ती पानं काढून टाका, असंही माझं म्हणणं नाही. उलट ठेवा, साल घालून ठेवा, चित्रकाराचं नाव पुसू नका. तक्रार वेगळी आहे. जे जपलं जातंय ते पुरुषांच्या कपाटातलं आहे. 1972 साली महाराष्ट्रात दुष्काळ होता, रॉकेल, तेल, साखर मिळेना. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या मैत्रिणींनी मुंबईत हजारो बायकांचे मोर्चे काढले, हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन. दाराआडचं लाटणं रस्त्यावर आलं. विनोदात नवऱ्यावर उगारलेली तीच वस्तू सरकारवर उगारली, आणि सरकारला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आता जुन्या चित्रांच्या साठ्यात शोधून बघा. दाराआडची लाटणी मला डझनांनी सापडली. मोर्चातलं लाटणं काढलेलं एकही चित्र मला तिथे सापडलं नाही.

बायकांनी काढलेली चित्रं नव्हती म्हणावं तर तसंही नाही. मंजुळा पद्मनाभन यांची सुकी 1982 पासून मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये येत होती, कुणाची बायको नसलेली, डोक्यात हजार विचार असलेली तरुणी. बंगळूरच्या माया कामत राजकीय व्यंगचित्रं काढत. चळवळीतल्या भित्तिचित्रांसाठी 'झुबान' प्रकाशनाने 2006 साली 'पोस्टर विमेन' म्हणून देशभरातून संग्रह केला, ते मोठंच काम. पण पथनाट्यांची पत्रकं, शिबिरांतले हाताने काढलेले तक्ते, आपल्यासारख्या छोट्या मासिकांच्या कोपऱ्यातली चित्रं, ती कुठे आहेत?

काही आमच्या केंद्राच्या लोखंडी कपाटात आहेत. मागच्या शनिवारी ते मी रिकामं केलं. वाळवीने खालचा कप्पा फस्त केला होता. वरच्या कप्प्यात सायक्लोस्टाइल केलेलं एक पत्रक निघालं, शाई जांभळी पडलेली. त्यावर तीन बायका आहेत, एकीच्या काखेत पोर, तिघींच्या हातांत लाटणी, आणि मागे रेशन दुकानाची बंद फळी. तिसरी चक्क हसते आहे. रेघ अगदी सराईत हाताची. खाली नाव नाही, साल नाही. केंद्रातल्या जुन्या ताईंना विचारलं, त्यांनाही आठवेना. मी त्याचं छायाचित्र काढून ठेवलं आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी असे कागद असतील तर रद्दीत घालण्याआधी मासिकाच्या पत्त्यावर कळवा. आणि ते पत्रक कुणी काढलं हे कुणाला आठवत असेल, तर मला ते नाव हवं आहे.