ग्रंथालयाचा विकी : पहिल्या दिवशीचे निर्णय

धाराशिव जिल्ह्यातल्या ग्रंथालयांत वाचक जे विचारतात, ते सगळे पुस्तकांत सापडत नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयावर कोणकोणत्या नियतकालिकांत लेख आले? १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरच्या पट्ट्यातले कोणते गाव कुठे वसले, आणि जुन्या गावठाणाची छायाचित्रे कोणाकडे आहेत? ग्रंथसूची कोहा किंवा ई-ग्रंथालयात चढली तरी अशा प्रश्नांची उत्तरे ग्रंथपालांच्या डोक्यातच राहतात आणि त्यांच्याबरोबरच निवृत्त होतात. ही माहिती लिहून, दुरुस्त करत, जोडत नेण्यासाठी ग्रंथालयाने स्वतःच्या यंत्रावर विकी बसवावा, असे आम्हाला वाटते. ‘हे काम संगणकवाल्याचे’ म्हणून ग्रंथपालांनी पान उलटू नये. यातले अवघड निर्णय ग्रंथपालांचेच आहेत.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. मग वेगळा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण विकिपीडियाला प्रकाशित संदर्भ लागतो आणि विषयाला उल्लेखनीयता लागते. एखाद्या वाड्यातल्या मोडी दफ्तराची नोंद, किंवा ‘अमुक दैनिकाचे जुने अंक आपल्या माळ्यावर आहेत’ ही माहिती तिथे बसत नाही आणि बसूही नये. दुसरा मार्ग फुकटच्या संकेतस्थळाचा. विकीस्पेसेस ही शिक्षकांची आवडती सेवा २०१८ मध्ये बंद झाली आणि जगभरच्या शाळांना आपली पाने उतरवून घेण्यासाठी धावाधाव करावी लागली. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार तो म्हणेल तेव्हा उचलावा लागतो.

सॉफ्टवेअर कोणते, यावर आमचे मत स्पष्ट आहे : डोकुविकी. मीडियाविकी थोर आहे, विकिपीडिया त्यावरच चालतो. पण पन्नास-शंभर पानांच्या विकीसाठी ग्रंथालयाने त्याचा पसारा पेलायची गरज नाही. बुकस्टॅक दिसायला देखणा, मात्र त्याला मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हवा. विकी डॉट जेएसला नोड आणि पोस्टग्रेस चालवणारा माणूस हवा, आणि तो माणूस सहसा पुण्याला निघून गेलेला असतो. आंद्रेआस गोर यांनी २००४ मध्ये आणलेल्या डोकुविकीला डेटाबेस लागतच नाही. प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाइल. वेब सर्व्हर आणि पीएचपी एवढ्यावर तो चालतो, ५१२ एमबी मेमरीतही कुरकुरत नाही. उद्या सॉफ्टवेअर बंद पडले तरी फाइली कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात. ग्रंथालयाच्या दृष्टीने हा एकच गुण बाकी सगळ्यांवर भारी आहे.

यंत्राबाबत सध्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची हवा आहे. आम्ही मात्र कपाटात पडलेला जुना लॅपटॉप सुचवू. त्यावर डेबियन लिनक्स टाकावे, स्क्रीनची गरज नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. पायचे मेमरी कार्ड अशा झटक्यांनी खराब होते. लॅपटॉपची बॅटरी अर्धीमुर्धी उरली असली तरी यंत्र नीट बंद होण्यापुरता वेळ देते. याहून महत्त्वाचे म्हणजे घड्याळ. पाय ५ च्या आधीच्या पायमध्ये वीज गेल्यावर वेळ सांभाळणारे घड्याळ नाही. तो इंटरनेटवरून वेळ घेतो. वीज आली आणि नेट आले नाही, तर त्याचे घड्याळ मागेच राहते. डोकुविकी पानाची प्रत्येक आवृत्ती वेळेच्या आकड्यानेच ओळखतो. घड्याळ मागे गेले की आवृत्त्यांचा क्रम बिघडतो, आणि कोणी कधी काय बदलले हे सांगणे हा तर विकीचा अर्धा उपयोग. असा जुना पायच वापरायचा असेल तर डीएस३२३१ हे घड्याळाचे छोटे मॉड्यूल बसवल्याशिवाय सुरुवात करू नये.

आता देवनागरी. सॉफ्टवेअर बसवण्याच्या इंग्रजी मार्गदर्शिकांत हा भाग नसतो, म्हणून इथे थोडे थांबू. डोकुविकी पानाच्या नावाचीच फाइल करतो आणि मूळ सेटिंगमध्ये ते नाव टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहितो. देवनागरीचे एकेक चिन्ह त्यात नऊ जागा खाते. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजायचे. ‘तुळजापूर’ हे आठ चिन्हांचे नाव ७२ जागांचे होते. लिनक्सवर फाइलच्या नावाला कमाल २५५ बाइट मिळतात. म्हणजे साधारण सव्वीस-सत्तावीस चिन्हांपलीकडे नाव गेले की पान जतनच होत नाही. ‘मराठवाडा मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिक’ हे पान म्हणूनच उभे राहणार नाही. उपाय सोपा आहे : ‘एफएनएनकोड’ हे सेटिंग बदलून यूटीएफ-८ करावे; मग एका चिन्हाला तीनच बाइट लागतात. पण हे पहिले पान लिहिण्याआधी करायचे. नंतर बदलले तर जुन्या नावांच्या फाइली विकीला ओळखू येत नाहीत आणि पाने हरवल्यासारखी होतात.

दुसरी गोम शोधाची. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दोन जणांनी दोन कीबोर्डांवर लिहिला तर डोळ्यांना सारखाच दिसतो, संगणकाला नाही. एकाने युनिकोडमधला स्वतंत्र ऱ वापरलेला असतो, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह. एका रूपाने शोधले की दुसरे सापडत नाही. दऱ्याखोऱ्या, पायऱ्या, विहिरीच्या पाऱ्या, आपल्या नोंदींत ‘ऱ्या’ तर पावलोपावली. फाइली साध्या मजकुराच्या असल्यामुळे रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट चालवून सगळी जोडचिन्हांची रूपे स्वतंत्र ऱ मध्ये बदलता येतात. त्यानंतर विकीची शोधसूची नव्याने बांधायची आज्ञा द्यायला विसरू नये. श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेखमध्ये टाइप केलेला जुना मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, माणसाने वाचून, मगच विकीवर चढवावा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तिथे हमखास घसरतात.

नावांचा निर्णय ग्रंथपालांनी घ्यायचा. २०२३ पासून जिल्हा धाराशिव. त्याआधी उस्मानाबाद, आणि निजामाच्या राजवटीत त्याही आधी नळदुर्ग. १९८२ पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होते. त्यामुळे १९७५ च्या एखाद्या अहवालातला ‘उस्मानाबाद जिल्हा’ म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा नव्हे. मुख्य पान आजच्या नावाने ठेवून जुन्या नावाची पाने तिकडे वळवावीत. मूळ कागदातले नाव उद्धृत करताना मात्र बदलू नये. पुनर्वसित गावांना ‘जुने’ आणि ‘नवे’ अशी दोन पाने द्यावीत. हे नियम विकीच्याच एका पानावर लिहून ठेवले की पुढच्या माणसाशी वाद होत नाहीत.

सुरक्षेचे थोडक्यात. अपाचीवर डोकुविकीची गुप्त फोल्डरे त्याच्यासोबत येणाऱ्या ‘.htaccess’ फाइलींनी झाकली जातात; मात्र त्या फाइली मानण्याचे ‘AllowOverride’ हे सेटिंग डेबियनवर मुळात बंद असते, ते आधी चालू करावे लागते. एनजिनएक्स वा लाइटीवर तसे होत नाही. तिथे डेटा आणि कॉन्फ ही फोल्डरे बंद करण्याचे नियम हाताने लिहावे लागतात. इन्स्टॉलची फाइल काम झाल्यावर पुसावी. स्वतः खाते उघडण्याची सोय बंद ठेवावी. सभासदांचे आधार क्रमांक, फोन नंबर विकीवर अजिबात नकोत. मोबाइल डोंगलवर सार्वजनिक पत्ता सहसा मिळत नाही, आणि ते बरेच आहे : पहिले वर्ष विकी ग्रंथालयाच्या वायफायपुरताच ठेवावा. अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुले मोबाइलवर मराठी झरझर लिहितात. संपादक तिथेच मिळतील. डेटाचे अख्खे फोल्डर दर आठवड्याला दोन पेनड्राइव्हवर टार करून उतरवावे, आणि त्यातला एक ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर ठेवावा.

पुढील अंकात एनजिनएक्सचे नियम आणि ‘ऱ्या’ची स्क्रिप्ट जशीच्या तशी छापू. तोवर उमरगा, कळंब, परंडा, भूम, कुठेही कोणी असा विकी चालवत असेल, तर आपल्या पाननामांचे नियम आम्हाला पाठवावेत. जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी ते एकसारखे ठेवले तर उद्या हे विकी एकमेकांना जोडता येतील.