गाड्या दोन, न्याय कोणाला?

लंडनमध्ये भाड्याच्या गाड्या दोन प्रकारच्या. एक काळी टॅक्सी. रस्त्यावर हात दाखवला की ती थांबते, भाडे मीटरप्रमाणे, दर सरकारी यंत्रणेचा. दुसरी मिनीकॅब. तिने रस्त्यावरचा प्रवासी उचलणे हा गुन्हा. परवानाधारक कंपनीकडे आगाऊ नोंदलेलेच भाडे तिने घ्यायचे. १९९८ च्या कायद्याने ही व्यवस्था लंडनला लागू केली.

या फरकाला कारण आहे. रस्त्यावर उभ्या प्रवाशाला चालक कोण, दर काय, हे पारखायला सवड नसते. म्हणून मीटर, आणि म्हणूनच चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करण्याची 'नॉलेज' परीक्षा. आगाऊ नोंदणीत प्रवासी दर विचारू शकतो, कंपनीकडे नोंद राहते. इथपर्यंत आमची तक्रार नाही.

परंतु कायद्यातले दोन प्रकार समाजात उतरले की त्यांचे दोन थर होतात. काळ्या टॅक्सीचे चालक बहुसंख्य गोरे, मिनीकॅबचे बहुसंख्य आशियाई व कृष्णवर्णीय. एप्रिल २०१९ मध्ये मध्य लंडनच्या गर्दी-शुल्कातली मिनीकॅबची सूट काढली गेली, काळ्या टॅक्सीची राहिली. हा अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव आहे, असे सांगत चालकांची संघटना न्यायालयात गेली. गर्दी कमी करण्याचे उद्दिष्ट रास्त ठरवून न्यायालयाने दावा फेटाळला. नियमात रंगाचा शब्दही नव्हता. भार मात्र कोणाच्या खिशावर पडला? असे 'निःपक्षपाती' नियम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहेत.

पण चालक गप्प बसले नाहीत. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक 'भागीदार' नसून कामगार आहेत, असा निकाल दिला. किमान वेतन व पगारी रजेचा हक्क त्यांना मिळाला.

मुंबईत काळी-पिवळी आणि ॲपची गाडी यांत हाच फरक आहे. आमची मुलेही कर्ज काढून ॲपच्या गाड्या चालवतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' हे नाव दिले, पण मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचा म्हणून! १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी कामगाराच्या हक्काला कायद्याचा आधार दिला. तो आधार या मुलांना का नाही? तो मागायचा तर संघटित व्हावे लागेल. दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही.