हुरडा विकायचा की वाटायचा?

मार्गशीर्ष लागला की शहरातल्या माणसांना शेतकऱ्याची आठवण होते. वर्षभर ज्यांचा फोन येत नाही ते साडू, मेहुणे, पोराचे साहेब, तालुक्याचे वकील विचारू लागतात, "काय, हुरडा आला का?" गेल्या काही वर्षांत या आठवणीचा धंदा झाला आहे. हमरस्त्याला लागून ज्यांची जमीन आहे त्यांनी झोपड्या उभारल्या, झोके टांगले, बैलगाडी रंगवून दारात लावली आणि डिसेंबर ते फेब्रुवारी डोई पैसे घेऊन हुरडा खाऊ घालायला सुरुवात केली. आपण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांनी हे करावे का, असा प्रश्न आता आपल्या बैठकांत येतो आहे. मागच्या दोन बैठकांत यावर आवाज चढले. म्हाताऱ्यांचे म्हणणे, हुरडा विकणे म्हणजे पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेणे. पोरांचे म्हणणे, हा पाहुणा चारचाकीतून येतो, त्याला परवडते. आम्हाला दोन्ही म्हणणी अर्धी अर्धी पटतात. पोळ्यानंतरच्या बैठकीत निर्णय करायचा आहे, म्हणून आमचे मत आधी मांडून ठेवतो.

आपल्या घरात पिकणाऱ्या कोणत्या मालाचा भाव आपण सांगतो? कापसाचा कधीच सांगितला नाही. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती. आमच्या लहानपणी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे, घरचा कर्ता दोन-दोन रात्री गाडीखाली झोपे, आणि मग ग्रेडर चिमूटभर कापूस बोटात धरून जी ग्रेड सांगेल ती मुकाट्याने घ्यायची. एकाधिकार गेला, पण भाव सांगणारा दुसराच हे काही बदलले नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या वेचणीला हात लागायचा होता तेव्हा, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत ठेवली. ज्वारीचेही तेच. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला. आपल्याला किती मिळाला ते ज्याने त्याने आपल्या पट्टीवर पाहावे.

हुरडा मात्र वेगळा माल आहे, आणि तो वेगळा का, हे नीट समजून घेतले पाहिजे. नाशवंत मालाचा शेतकरी बाजारात हरतो, कारण त्याला थांबता येत नाही. टोमॅटोवाला सकाळी आठ वाजता जो भाव नाकारतो तोच दहा वाजता हात जोडून मागतो. हुरडाही नाशवंतच आहे. कणीस तोडले की दाण्याची गोडी उतरू लागते, संध्याकाळपर्यंत तो हुरडा राहत नाही. पण म्हणूनच गिऱ्हाइकाला आगटीपाशी यावे लागते, आपल्याला त्याच्या दारी जावे लागत नाही. आणि गिऱ्हाईक नाही आले, तर कणीस ताटावरच राहते, पिकते, त्याची ज्वारी होते. न विकलेला टोमॅटो उकिरड्यावर जातो, न विकलेला हुरडा कणगीत जातो. ज्याला "नको, राहू द्या" म्हणता येते त्यालाच भाव सांगता येतो. आम्हाला या धंद्यात रस आहे तो एवढ्याचसाठी. झोके आणि रंगीत बैलगाडी यांच्यात आम्हाला काडीचाही रस नाही.

मात्र यातली मेख आम्ही पदरमोड करून शिकलो, तीही सांगतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोन एकरांत सुरतीचे वाण एकाच दिवशी पेरले. पदवी शेतीची आणि अक्कल पोराची! सगळे रान एकाच आठवड्यात हुरड्यावर आले. त्या आठवड्यात तीन टोळ्या जेवून गेल्या, बाकी कणसे आमच्या डोळ्यांदेखत टणक झाली. ज्वारी झाली खरी, पण हुरड्याच्या वाणाचा दाणा मालदांडीसारखा पांढरा टपोरा नसतो. व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला आणि भाव पाडून मागितला. ती ज्वारी आम्ही दीड वर्ष घरी खाल्ली.

तेव्हा दोन एकर लागतच नाहीत. आमच्या मध्यम काळ्या रानात गुंठ्याला वीस-पंचवीस किलो हुरडा निघतो. माणूस कितीही हावरा असला तरी पावशेराच्या वर हुरडा खात नाही. म्हणजे एका गुंठ्यात ऐंशी ते शंभर माणसे आणि सहा गुंठ्यांत पाचशे. पाचशे माणसे ज्याच्या शेतावर एका हंगामात येतील त्याने आम्हाला येऊन भेटावे, आम्ही त्याचा सत्कार करू. सहा गुंठे पुष्कळ झाले. तेही एका दिवशी पेरायचे नाहीत. पंधरा सप्टेंबरपासून दहा ऑक्टोबरपर्यंत आठ-आठ दिवसांनी चार तुकडे पाडायचे, म्हणजे हुरडा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पुरतो, थंडीने चार-आठ दिवस मागे-पुढे. पंधरा सप्टेंबरच्या आधी घाई करू नये, खोडमाशी पोंगे मारते. वाण गूळभेंडी, सुरती, कुचकुची यांपैकी जे घरात असेल ते, नाहीतर विद्यापीठांचे फुले उत्तरा, फुले मधुर किंवा परभणी वसंत. कणसे तोडलेली ताटे हिरवी वैरण म्हणून जनावरे आवडीने खातात. मात्र तोडणीनंतर बुडातून जे कोवळे फुटवे येतात ते घालू नयेत, जनावराला लागतात.

खरा अडथळा पाखरांचा आहे. गोड दाणा माणसाच्या आधी पाखरांना कळतो. पूर्वी शिवारभर ज्वारी असे, पाखरे सगळ्यांची थोडी थोडी खात. आता खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसाने घेतली आहे. अशा शिवारात एकट्याने सहा गुंठे हुरडा केला तर तो पाखरांसाठीच केला असे समजावे. माळ्यावर बसून गोफण फिरवणारा माणूस आता दिवसाच्या हजेरीवरही मिळत नाही. म्हणून हे एकट्याचे काम नव्हे. लागून असलेल्या दहा-बारा जणांनी पेरायचे ठरवले, राखणीच्या पाळ्या लावल्या, तरच कणीस हाती लागते. ज्यांना हे ठरवणे जमत नाही त्यांनी बियाण्याचे पैसे वाचवावेत.

आता पैशाचे. मागच्या जानेवारीत आमच्या शेतावरच्या एका रविवारचा हिशेब वहीत आहे तसा देतो. माणसे चाळीस, डोई तीनशे, जमा बारा हजार. खर्चात भाकरी, चटण्या आणि वाढपाला पाच बायांची हजेरी दोन हजार, आगटी सांभाळणारे आणि कणसे तोडणारे तीन गडी दीड हजार, गोवऱ्या, गूळ, दही, शेंगा, तीळ-जवस-कारळाच्या चटण्यांचे सामान दोन हजार सहाशे, पाणी, सतरंज्या आणि मांडव नऊशे. उरले पाच हजार. हे पाच हजार दिसतात तेवढे मोठे नाहीत, कारण असे रविवार हंगामात सहा-सातच. बायांच्या हजेरीबद्दल थोडे थांबून सांगावे लागते. पहिल्या वर्षी ती हजेरी आमच्या वहीत नव्हतीच. भाकरी घरच्या बाया थापणार, त्यात कसली हजेरी, असे आम्हीही धरून चाललो होतो आणि नफा दुप्पट दिसत होता. आमच्या वहिनींनी वही पाहिली आणि विचारले, "चुलीपुढे तुम्ही बसला होता का?" जिथे बाईची मजुरी धरलेली नाही तो नफा खोटा, मग तो कापसाच्या वेचणीतला असो की भाकरीतला. बैठकीत जे हिशेब येतील त्यांत हा आकडा नसेल तर आम्ही तो हिशेब परत करू.

त्या रविवारी हुरड्यापेक्षा बरा धंदा दुसऱ्याच गोष्टीचा झाला. खाऊन उठलेला माणूस हात झटकत विचारतो, तूरडाळ घरची आहे का? जवस मिळेल का? धुऱ्यावर एक बाज टाकून तिच्यावर डाळ, कारळे, तीळ, बोरे, चिंच, मालदांडीच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या मांडल्या होत्या. चारच्या आत बाज मोकळी झाली. शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरतात, फळे-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून सुटला, हे चांगलेच झाले. पण तिथे टेम्पोचे भाडे आपले आणि उरलेला माल परत आणायचा तोही आपणच. धुऱ्यावरच्या बाजारात उरलेले पोते उचलून घरात ठेवायचे. शेजारच्या एका आजीने तर घरच्या कापसाच्या वाती वळून आणल्या होत्या. हसू नका, त्या वातींच्या कापसाला जो भाव पडला तो आमच्या हयातीत कोणत्याही जिनिंगने दिलेला नाही. अर्थात वातींनी घरातला वीस क्विंटल कापूस संपत नाही. हुरड्याने कापसाचा प्रश्न सुटेल असे कोणी बैठकीत बोलला तर त्याला खाली बसवावे.

दोन फसवणुकींपासून सावध राहावे लागेल. शहरातल्या एका कार्यालयाने आमच्याकडे साठ माणसे सांगितली, आली सव्वीस. दह्याची मडकी आणि भाकरीचे पीठ गावात वाटले. तेव्हापासून इसार घेतल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. दुसरी फसवणूक जास्त गोड बोलणारी आहे. रस्त्यावरचा एक केंद्रवाला आमच्या गटाकडे आला. कणसे निवडून, बांधून, सकाळी आठच्या आत पोच करा म्हणाला, आणि किलोचा भाव तोच सांगणार होता. हुरडा तोडला की आपल्याला थांबता येत नाही हे त्याला आपल्याइतकेच माहीत होते. ही आडतच झाली, फक्त तिच्या दारात झोका टांगलेला. कणीस ताटावरून उतरवून दुसऱ्याच्या आगटीत द्यायचे असेल तर हा सगळा खटाटोप करूच नये. ज्यांना मुक्कामाची सोय, खोल्या वगैरे करायच्या आहेत त्यांच्यासाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. पण खोल्यांसाठी कर्ज काढण्याआधी दोन हंगाम सतरंजीवर काढावेत. पिण्याचे पाणी, बायकांसाठी आडोशाचे शौचालय आणि गाडी येईल असा रस्ता, एवढे तरी आधी हवेच. रस्ता नसलेल्यांनी आपला तुकडा रस्त्याकाठच्या भावकीच्या रानात करावा, वाटा ठरवून.

राहिले म्हाताऱ्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शहरेच्या शहरे ओस पडतात, सगळी माणसे रानात असतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून आंबिल-भज्जी वाढतात. तिथे कोणी पावती फाडली तर गाव त्याच्या दारात थुंकेल, आणि थुंकावेच. आमच्या गटाने म्हणून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली तोड सालदार, मजूर आणि गावातल्या पोरांची, तिला पैसे नाहीत. आणि वेळ अमावस्येला शेतावर कोणी परका आला तर तो पाहुणा, त्या दिवशी गल्ला उघडायचा नाही. बाकीच्या रविवारी जो फोन करून, तारीख ठरवून येतो तो गिऱ्हाईक. तो हॉटेलात पैसे मोजतो तसे इथेही मोजेल, त्यात त्याचा अपमान नाही आणि आपलाही नाही. साडू कोणत्या खात्यात धरायचा हे ज्याने त्याने घरात विचारून ठरवावे.

बैठकीला येताना गावातली कोणती दहा घरे लागून पेरायला तयार आहेत त्यांची नावे आणि राखणीच्या पाळ्या लिहून आणाव्यात. गूळभेंडीचे जुने बियाणे बाजारात भरवशाचे मिळत नाही. ज्यांच्या उतरंडीत ते अजून असेल त्यांनी मूठभर फडक्यात बांधून आणावे, तिथेच वाटून घेऊ.