कुंडी आणि एकर

घरातल्या कपाटात, दिव्याखाली, गांजाची दोन रोपे प्रथमच वाढवणारा एक विद्यार्थी सेवाकाळात माझ्यासमोर आला होता. तेव्हापासून अमली पदार्थ कायदा, १९८५ मधील कलम २० मला खटकते. एक किलोहून कमी गांजा बाळगल्यास कमाल एक वर्ष कारावास. लागवडीस मात्र दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि लाखापर्यंत दंड. मग ती कुंडीत असो वा एकरभर! म्हणजे तस्कराचे गिऱ्हाईक सौम्य, त्याला टाळणारा भयंकर. ‘न्यायाधीश तारतम्य पाहतील’ हे उत्तर पुरेसे नाही. निकालापर्यंत उमेदीची वर्षे सरतात. मी गांजाचा पुरस्कर्ता नाही. परंतु २००१ मध्ये संसदेने बाळगण्याच्या शिक्षेला लावलेली प्रमाणाची फूटपट्टी लागवडीलाही लावावी. प्रमाण सुटलेल्या शिक्षेला न्याय म्हणवत नाही.