आधी दार लावा, मग पत्ता लपवा



मध्यंतरी आमचे चिरंजीव दोन दिवस जेवताना गप्प गप्प होते. खोदून खोदून विचारले तेव्हा कळले की ऑनलाइन खेळात हरलेल्या कुणा मुलाने त्याला धमकी दिली होती, "तुझा आयपी ॲड्रेस मिळालाय मला. आता बघच!" कोणी घरी तर येणार नाही ना, ही एक भीती; आणि सांगितले तर बाबा कॉम्प्युटर बंद करतील, ही दुसरी. हे ऐकून एका स्नेह्यांनी सल्ला दिला, "आयपी लपवणारे व्हीपीएन विकत घे, काळजी मिटेल." मला हे पटत नाही. का ते सांगतो.

आपण इंटरनेटवर एखादे पान मागवले की ते पाठवायचे कुठे, हे समोरच्याला कळावेच लागते. त्यासाठी लागणारा आकडा म्हणजे आयपी ॲड्रेस. त्यावरून आपली इंटरनेट कंपनी आणि अंदाजे शहर कळते, तेही कधी कधी चुकीचे. घर नंबर आणि नाव कंपनीच्या दप्तरात असते. ते खेळातल्या मुलाला मिळत नाही. फार तर तो आपल्या लाइनवर निरर्थक माहितीचा मारा करून ती बंद पाडू शकेल. पण इथे ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. मुलांनो, गंमत म्हणून तुम्ही केलात तरीही!

व्हीपीएनमुळे आपला आकडा झाकला जातो, पण आता तो त्या व्हीपीएन कंपनीला दिसतो. आणि व्हायरस काही त्याने अडत नाही. म्हणजे दारावरची पाटी झाकली, दार मात्र सताड उघडे!

हे दार म्हणजे आपला राऊटर. २०१६ साली 'मिराई' नावाचा प्रोग्रॅम जगभरचे कॅमेरे आणि राऊटर शोधत फिरला. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साधारण ६० जोड्या होत्या, बस्स. तेवढ्यावर लाखो उपकरणे त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांनी मिळून डिन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना काही तास मिळेनाशा झाल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे यात सामील होते, त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसेल. मिराई लिहिणारे तिघे अमेरिकन तरुण जेमतेम विशीतले होते. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन अशी उपकरणे विकायला बंदी आहे. पण आपल्या माळ्यावरच्या जुन्या कॅमेऱ्याला हा कायदा कुठून लागू होणार? ते काम आपलेच.

म्हणून या रविवारी अर्धा तास काढा, आणि मुलांना सोबत घ्या :

१. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा, दोन्ही लांबलचक. (आजीच्या एखाद्या पदार्थाचे नाव आणि तीन असंबद्ध शब्द जोडा. पाठही राहील!)
२. राऊटर, कॅमेरे आणि कॉम्प्युटर यांचे अपडेट आपोआप होतील असे करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे लक्षात असू द्या.
३. बाहेरून राऊटर चालवण्याची सोय बंद करा.
४. कॅमेरे, टीव्ही वगैरे मंडळींना 'गेस्ट' वाय-फायवर बसवा.

एवढे झाल्यावर व्हीपीएन घ्यायचे तर खुशाल घ्या.

शेवटी पालकांना एक विनंती. मूल असे काही सांगायला आले तर लगेच कॉम्प्युटर काढून घेऊ नका. आमच्याकडे धमकी पोकळच निघाली, पण दोन दिवस मुलगा बोलला नाही तो आमच्या रागाच्या भीतीने. त्यावर कुठलेही सॉफ्टवेअर मिळत नाही. ते आपल्यालाच जमवायला हवे.