पोलिसांवर 40 टक्के, आणि वर्ग 111चे कुलूप

टेक्सासमधील उवाल्डे हे जेमतेम 15 हजार वस्तीचे, बेताच्या उत्पन्नाचे, बहुतांशी लॅटिनो गाव. आपल्याकडे पोलिसांचा पगार राज्य सरकार देते. तिथे गावाला आपल्या पोलिसांचा खर्च स्वतःच उचलावा लागतो. उवाल्डेच्या सर्वसाधारण निधीतला सुमारे 40 टक्के हिस्सा पोलिसांवर जात होता. गावाचे स्वतंत्र स्वॉट पथक होते, शाळा मंडळाचे पोलीस वेगळे होते. तरीही 24 मे 2022 रोजी रॉब प्राथमिक शाळेत शिरलेल्या बंदूकधाऱ्याला रोखायला 77 मिनिटे लागली. त्याने 19 मुलांचा आणि दोन शिक्षिकांचा जीव घेतला. त्या दिवशी तिथे वेगवेगळ्या दलांचे मिळून 376 पोलीस आणि जवान पोहोचले होते.

टेक्सास विधिमंडळाच्या चौकशी समितीचा अहवाल वाचताना संताप येतो तो लहानसहान गोष्टींचा. हल्ला झालेल्या वर्ग 111चे कुलूप नीट लागत नाही हे शाळेत ठाऊक होते. दुरुस्तीचा अर्ज कोणीच भरला नव्हता. दार बहुधा उघडेच होते, आणि व्हरांड्यातले पोलीस किल्ल्यांची वाट पाहत राहिले. वायफाय कमजोर असल्याने धोक्याचा इशारा सगळ्या शिक्षकांपर्यंत वेळेत गेला नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे, जवळच्या मेक्सिको सीमेवरून येणाऱ्या गाड्यांचे पाठलाग आणि त्यातून पळणारी माणसे यांमुळे शाळांना सतत इशारे मिळत, इतके की त्यांचे गांभीर्यच उरले नव्हते. बंदोबस्त वाढला तशी सावधगिरी बोथट झाली.

यावर कोणी म्हणेल, चूक नेतृत्वाची होती, खर्चाची नव्हे. नेतृत्व कोसळले हे खरेच. सूत्रे कोणाच्या हाती आहेत हेच कोणाला कळत नव्हते. पण मनुष्यबळ वाढवले की सुरक्षितता आपोआप येते, हे गृहीतकही त्याच व्हरांड्यात कोसळले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कुलूप शाळा मंडळाच्या अखत्यारीतले, पोलीस नगर प्रशासनाचे, दोन्हींचे अंदाजपत्रक वेगळे. मान्य. करदाता मात्र तोच आहे, आणि इतक्या लहान गावात दोन्ही संस्थांना एका टेबलाशी बसून खर्चाचा अग्रक्रम ठरवणे अवघड नाही. सीमा जवळ असल्याने पोलीस लागतातच, असेही म्हटले जाते. पण सीमेची जबाबदारी संघराज्याची, आणि टेक्सासनेही 2021पासून त्यासाठी अब्जावधी डॉलर ओतले आहेत. त्या 376 जणांत 149 सीमा गस्ती दलाचे आणि 91 राज्य पोलिसांचे होते. गावाचे स्वतःचे पोलीस अवघे 25.

म्हणूनच गरीब गावाने आपला तुटपुंजा पैसा जिथे दुसरे कोणी देणार नाही तिथे घालावा. पुढच्या वेळी पोलिसांसाठी वाढीव तरतूद मागितली जाईल, तेव्हा शाळेच्या दारांची, वायरलेसची आणि संयुक्त सरावाची स्थिती काय आहे, याचा लेखी तपशील आधी सभागृहापुढे ठेवला जावा आणि मगच मतदान व्हावे.