शिवाजीनगर एस.टी. स्थानकाच्या जागेविषयी मावळातील प्रवाशांचे निवेदन

प्रति,
मा. परिवहन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पुणे येथील शिवाजीनगर राज्य परिवहन स्थानकाची जागा व्यापारी पुनर्विकासासाठी देण्यापूर्वी तेथील एस.टी. वाहतूक पूर्ववत सुरू करण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावर संबंधित कार्यालयांत आम्ही वेळोवेळी दाखल केलेले अर्ज व स्मरणपत्रे.

महोदय,

आंबी, वराळे, मंगरूळ, नवलाख उंबरे व इंदोरी या मावळ तालुक्यातील गावांचे आम्ही रहिवासी, आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत रोजगारानिमित्त बीड, लातूर, जालना, परभणी, बुलढाणा अशा दूरच्या जिल्ह्यांतून येऊन आमच्याच गावांत बिऱ्हाड करून राहिलेले आमचे शेजारी, असे सर्वजण मिळून हे निवेदन आपल्या सेवेसी सादर करीत आहोत. संदर्भात ज्या अर्जांचा उल्लेख केला आहे त्यांची पोच आमच्यापाशी आहे. उत्तर मात्र एकाचेही नाही. ज्या कार्यालयांत ते दिले तेथे गेल्यावर विषय ‘वरिष्ठ पातळीवर विचाराधीन’ असल्याचे तोंडी सांगण्यात येते, आणि म्हणून आता वरिष्ठ पातळीकडेच दाद मागण्याखेरीज आम्हांस अन्य मार्ग उरलेला नाही.

शिवाजीनगरचे स्थानक पुण्यात आहे, त्याच्याशी इंद्रायणीकाठच्या आंबी गावाचा संबंध काय, असा प्रश्न आम्हांस पूर्वी विचारण्यात आला होता, सबब त्याचा खुलासा प्रथम करतो. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, आणि १९७८ पासून त्याच मार्गावर धावणारी पुणे–लोणावळा लोकल ही मावळाच्या दैनंदिन जीवनाची वाहिनी होऊन बसली. या लोकलच्या मार्गात पुणे जंक्शनाच्या अलीकडे शिवाजीनगर, म्हणजे पूर्वीचे भांबुर्डे, हे रेल्वेस्थानक आहे, आणि त्या रेल्वेस्थानकाला लागूनच नाशिक, अहिल्यानगर, मराठवाडा, खानदेश व विदर्भ या दिशांना जाणाऱ्या गाड्यांचे एस.टी. स्थानक होते. तळेगावला लोकलमध्ये बसावे, शिवाजीनगरला उतरावे, सामान उचलून चार पावले चालावे आणि गावाकडच्या गाडीत बसावे, इतका सरळ हा प्रवास होता. रेल्वेचा फलाट आणि एस.टी.चा फलाट यांचे हे शेजारीपण म्हणजेच त्या जागेचे खरे मोल होय. ते कोणत्याही दरपत्रकात नमूद नसते, आणि एकदा मोडले की दुसऱ्या कोणत्याही भूखंडावर ते नव्याने बांधून मिळत नाही.

हे शेजारीपण २०१९ च्या डिसेंबरअखेरीस मोडले. मेट्रोच्या भूमिगत स्थानकाचे काम करावयाचे म्हणून शिवाजीनगरचे एस.टी. स्थानक वाकडेवाडी येथे दुग्धविकास विभागाच्या जागेवर हलविण्यात आले. स्थलांतर तात्पुरते आहे आणि मेट्रोचे काम आटोपताच स्थानक मूळ जागी परत येईल, असे त्या वेळी जाहीरपणे सांगण्यात आले होते. मेट्रोही आम्हांस हवीच होती, म्हणून आम्ही तक्रारीचा शब्द काढला नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी शिवाजीनगरच्या भूमिगत स्थानकातून मेट्रो धावू लागली. पुढे २९ सप्टेंबर २०२४ रोजी ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोहोचली. ज्या कारणासाठी स्थानक हलविले ते कारण असे डोळ्यांदेखत संपले. त्यानंतर मात्र इमारत कोणी बांधावी, खर्च कोणी सोसावा, आराखडा कोणाचा मान्य व्हावा, यांवर दोन शासकीय यंत्रणांत वाटाघाटी, बैठका व फेरविचार असा क्रम चालू राहिला, आणि अखेर सार्वजनिक–खाजगी भागीदारीतून व्यापारी संकुलासह पुनर्विकास करण्याचे घोषित झाले. काम आटोपताच परत येण्याचे वचन कोणत्या बैठकीत मागे घेण्यात आले, हे आम्हांस कोणीही कळविलेले नाही.

या विलंबाची किंमत कोण मोजतो, हे येथे विस्ताराने मांडणे भाग आहे, कारण पूर्वीच्या अर्जांत आम्ही ते एका ओळीत लिहिले आणि एका ओळीची गैरसोय समजूनच ते बाजूला ठेवले गेले असावे.

वाकडेवाडीची जागा शिवाजीनगर व खडकी या दोन रेल्वेस्थानकांच्या मधोमध, एकालाही न लागून अशी आहे. आंबीहून परभणीस निघालेले कुटुंब, ज्यात पती-पत्नी, दोन मुले, एक वृद्ध आई आणि सणासाठी भरलेल्या पिशव्या असतात, ते प्रथम रिक्षाने इंद्रायणी ओलांडून तळेगाव रेल्वेस्थानकावर येते. दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, म्हणून पुष्कळदा एक-दोन तास अगोदरच घरून निघावे लागते. शिवाजीनगरला उतरल्यावर पूर्वी जेथे प्रवास संपल्यासारखा वाटे, तेथे आता तो नव्याने सुरू होतो. जिना चढून-उतरून रस्त्यावर यावयाचे, रिक्षावाल्याशी भाड्याचा सौदा करावयाचा, सामान व माणसे एका रिक्षात मावत नाहीत म्हणून दुसरी रिक्षा करावयाची, आणि जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील गर्दीतून सुमारे दोन किलोमीटरचे अंतर कापून वाकडेवाडीस पोहोचावयाचे; तोवर आरक्षण केलेली गाडी फलाटावर असेल तर नशीब. परतीच्या प्रवासात हाल याहून अधिक आहेत. मराठवाड्याच्या रात्रीच्या गाड्या पहाटेपूर्वी पुण्यात येतात, आणि त्या अवेळी ज्या स्त्रीला वाकडेवाडीस उतरून पहिल्या लोकलसाठी शिवाजीनगर गाठावयाचे असते, तिला एकतर परक्या रिक्षात एकटीने बसावे लागते किंवा उजाडेपर्यंत स्थानकाच्या आवारातच थांबावे लागते. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला, आणि त्यानंतर राज्यातील सर्व स्थानकांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्या आदेशांचे आम्ही स्वागत केले. परंतु दोन स्थानकांमधील अंधाऱ्या रस्त्याची तपासणी कोणाच्या अखत्यारीत येते, हे विचारल्यावर मिळालेले मौन आम्हांस अस्वस्थ करते.

आणखी एक गोष्ट. शासनाने पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना भाड्यात निम्मी सूट दिली. या दोन्ही निर्णयांबद्दल आमच्या गावांतील वृद्ध व स्त्रिया आजही कृतज्ञतेने बोलतात. पण लोकलचे स्वस्त तिकीट आणि एस.टी.ची सवलत यांच्या मध्ये रिक्षाचे हे जे दोन किलोमीटर येऊन पडले आहेत, त्यांना कोणतीही सवलत लागू नाही, आणि विनामूल्य प्रवासाला निघालेल्या वृद्धेच्या कमरेची नोट नेमकी तेथेच सुटते. शासनाने एका हाताने जे दिले ते स्थानकाच्या स्थलांतराने दुसऱ्या हाताने नकळत काढून घेतले जात आहे, हे आपल्या निदर्शनास आणून देणे आमचे कर्तव्य आहे.

चाकण–शिक्रापूरमार्गे जाणाऱ्या गाड्या तुम्हांस जवळ आहेत, त्या धराव्यात, असा सल्ला आम्हांस एकदा देण्यात आला. वाटेत मिळणाऱ्या गाडीत लेकुरवाळ्या बाईला बसावयास जागा मिळण्याचा भरवसा नसतो, हे सल्ला देणाऱ्यास ठाऊक नव्हते असे आम्ही समजतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. शहराच्या मध्यभागी गाड्या उभ्या करण्याचे मैदान दिसले की ते रिकामे आहे, वाया जात आहे, त्यावर इमला उठवून उत्पन्न काढले पाहिजे, असा एक विचार अलीकडे सर्वत्र बळावला आहे. महामंडळाची आर्थिक ओढगस्त आम्ही जाणतो, आणि त्याच्या मालमत्तेतून योग्य ते उत्पन्न व्हावे यास आमचा विरोध नाही. परंतु ज्या आवारातून अहोरात्र गाड्या सुटतात, वळतात आणि विसावतात, ते आवार मोकळे दिसले तरी रिकामे नसते. त्याचा मोकळेपणा हाच त्याचा उपयोग असतो. दुकानाचा गाळा शहरात कोठेही काढता येईल, पण रेल्वेस लागून बसचा फलाट काढावयास दुसरी जागा शिवाजीनगरात नाही. म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे की आधी फलाट, मग गाळे. हा क्रम उलटला तर काय होते, हे पनवेल स्थानकाच्या वर्षानुवर्षे रखडलेल्या पुनर्विकासाने महामंडळास दाखवून दिलेले आहे. तेथील प्रवाशांनी उन्हापावसात काढलेल्या वर्षांची भरपाई कोणत्याही करारातून झालेली नाही.

यात मुदतीचा प्रश्नही गंभीर आहे. महामंडळाच्या जमिनींसाठी भाडेपट्ट्याची मुदत साठ वर्षांवरून ४९ अधिक ४९, म्हणजे ९८ वर्षे करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर धावली; म्हणजे या सेवेच्या आजवरच्या संपूर्ण आयुष्याहून ही मुदत मोठी आहे. एवढ्या दीर्घ काळासाठी जो दस्तऐवज केला जाईल, त्यात बसच्या फलाटांची संख्या, गाड्या वळविण्याची जागा, प्रवाशांचा जाण्यायेण्याचा हक्क आणि रेल्वेस्थानकाशी जोडणारा पादचारी मार्ग यांचा निःसंदिग्ध उल्लेख नसेल, तर आजच्या अधिकाऱ्यांचा सद्हेतू उद्याच्या पट्टेदारावर बंधनकारक राहणार नाही. अशा करारांचे नियम आपणांस पूर्ण विदित आहेत. ते येथे उद्धृत करीत नाही.

‘सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दांचे वजन मावळास सांगावे लागत नाही. पवनेचे धरण, द्रुतगती मार्ग आणि तळेगावची औद्योगिक वसाहत यांसाठी या तालुक्याने आपली पिकाऊ जमीन दिली आहे, आणि ती देताना जमीन सर्वांच्या उपयोगासाठी जात आहे, हाच युक्तिवाद शेतकऱ्यापुढे प्रत्येक वेळी ठेवण्यात आला. ज्या न्यायाने आमच्या वडिलांची शेते घेतली गेली, त्याच न्यायाने एस.टी.ची जागा एस.टी.साठी राहावी, ही अपेक्षा अवाजवी आहे असे आम्हांस वाटत नाही.

सबब आमच्या मागण्या अशा :

शिवाजीनगरच्या जागेवर बसस्थानकाचा भाग प्रथम बांधून पूर्ण करावा, तेथून गाड्या सुरू कराव्यात, आणि त्यानंतरच व्यापारी भागाच्या बांधकामास अथवा विक्रीस परवानगी द्यावी. ही अट करारात ठळकपणे नमूद करून तिचा भंग झाल्यास पट्टा रद्द करण्याचा अधिकार महामंडळाकडे राखून ठेवावा. स्थानक परत येण्याची तारीख मुक्रर करून ती लेखी जाहीर करावी. ‘लवकरच’ हा शब्द आम्ही २०२३ पासून ऐकत आहोत आणि तो आता आम्हांस पुरेसा नाही. तोपर्यंत शिवाजीनगर रेल्वेस्थानक व वाकडेवाडी यांच्या दरम्यान, पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत आणि रात्रीच्या गाड्यांच्या आगमनसमयीही, एस.टी.चे तिकीट दाखविणाऱ्यास विनामूल्य अशी जोडगाडी चालवावी. हे काम उद्याही सुरू करता येण्याजोगे आहे, आणि गेली सहा वर्षे ते का झाले नाही याचे उत्तर कोणीही देऊ शकलेले नाही. कराराचा मसुदा स्वाक्षरीपूर्वी प्रवाशांच्या अवलोकनार्थ मराठीत प्रसिद्ध करावा, आणि त्यावर हरकती व सूचना मागविताना पुणे शहराबरोबरच मावळ, खेड व मुळशी या तालुक्यांतील प्रवाशांचेही म्हणणे ऐकून घ्यावे.

नव्या स्थानकात दुचाकी वाहनतळ असावा. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व हिरकणी कक्ष असावा. चौकशी खिडकी रात्रभर उघडी असावी.

वाकडेवाडीची जागा ज्या खात्याची आहे त्यासही ती केव्हातरी परत हवी असणारच. त्या वेळी शिवाजीनगरचे स्थानक तयार नसेल तर गाड्या आणखी कोठे जाणार, आणि त्या तिसऱ्या जागेपासून रेल्वे किती दूर असणार, याचा विचार आजच व्हावा.

आमच्या पूर्वीच्या अर्जांप्रमाणे हे निवेदनही ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुन्हा त्याच कार्यालयाकडे पाठविले जाऊ नये, ही नम्र परंतु आग्रहाची विनंती. आपण स्वतः याची दखल घेऊन आमच्या प्रतिनिधींना भेटीसाठी वेळ द्यावा, आणि एक महिन्याच्या आत लेखी उत्तर देण्याची तजवीज करावी. तसे न घडल्यास मावळातील सर्व रेल्वेस्थानकांवर प्रवाशांच्या सह्या गोळा करून हाच विषय आम्ही विधिमंडळाच्या आगामी अधिवेशनात आमच्या लोकप्रतिनिधींमार्फत उपस्थित करू.

कळावे,

आपले विश्वासू,
आंबी, वराळे, मंगरूळ, नवलाख उंबरे व इंदोरी येथील प्रवासी नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

स्थळ : आंबी, तालुका मावळ, जिल्हा पुणे

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, पुणे.